नाथाजीचा लाल कोबा

नाथाजीने आयुष्यात बायकोला 'तुला पाहिजे ते कर' असं एकदाच सांगितलं, आणि तेही त्याला निभावता आलं नाही.

विट्याजवळच्या त्याच्या गावात नवं घर उभं राहत होतं आणि नाथाजी होता तिकडे केरळात, त्रिशूरला. तिथे एका बोळात त्याचं गलाईचं दुकान. सराफांकडचे जुने दागिने आणायचे, वितळवायचे, शुद्ध सोनं वेगळं काढून द्यायचं. गावातले निम्मे पुरुष असेच देशभर पांगलेले. दिवाळीला आणि जत्रेला गावी यायचं, बाकी वर्षभर घर म्हणजे फोन. नव्या घराचा पाया, भिंती, स्लॅब सगळं त्याने तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलं होतं. जिना कुठल्या बाजूला वळतो यावरून त्याची आणि बायकोची एकदा वादावादीही झाली. संयोगिता तेव्हा जिन्यातच उभी होती, तरी नाथाजीने माघार घेतली नाही.

मग फरशीची पाळी आली. संयोगिता लेकीला, साक्षीला, घेऊन सांगलीला टाइल्सच्या एका मोठ्या दुकानात गेली आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला.

"ही बगा. डबल चार्ज हाय."

"मग दुसऱ्या दुकानात जा. डबल चार्ज कशाला द्यायचा?"

"आवं, नाव हाय त्ये. रंगाचा थर जाड असतोय."

"पिवळी दिसतीया."

"तुमच्या फोनवर भट्टीचा उजेड पडलाय. फरशी पांढरी हाय. दुकानदार हस्तिदंती म्हणतोय."

नाथाजी भट्टीपासून लांब झाला. फरशी खरंच पांढरी झाली. मग त्याने आपली मुख्य शंका काढली. "दोन फरश्यांच्या सांध्यात काय अडकतंय का बघ."

(गलाईवाल्याचा जन्म जमिनीवरची धूळ जपण्यात जातो. दुकान झाडलं की केर टाकायचा नाही, पोत्यात भरून ठेवायचा, कारण त्यात सोन्याचे कण असतात. नाथाजी गावी आला की झाडू मारणाऱ्या बाईच्या मागं मागं फिरायचा आणि केर उकिरड्यावर पडायच्या आत एकदा बोटांनी चाळून बघायचा.)

"आपल्या सैपाकघरात भाकरीचं पीठ सांडणार हाय," संयोगिता म्हणाली, "सोनं न्हाई."

साक्षीला तिच्या खोलीत लाकडासारखी दिसणारी फरशी हवी होती. दुकानदार ग्रॅनाइटकडे ओढत होता. तिघंही एकदम बोलायला लागले, आवाज तुटायला लागला, आणि नाथाजी ते ऐतिहासिक वाक्य बोलून गेला. "तुला पाहिजे ती घाल." संयोगिताने हस्तिदंती घेतली.

दुपारी जेवून तो दुकानाच्या माळ्यावर आडवा झाला तेव्हा डोळ्यांपुढे हस्तिदंती येईना. लाल जमीनच यायला लागली.

लग्न झालं तेव्हा संयोगिता त्याच्याबरोबर त्रिशूरला आली होती. शहराच्या टोकाला भाड्याची एक खोली. तिची जमीन लाल सिमेंटची, गुळगुळीत, गारेगार. इतकी चकचकीत की खिडकी त्या जमिनीत उतरलेली दिसायची. संध्याकाळी नाथाजी घरी यायचा तेव्हा संयोगिता त्या लाल जमिनीवर बसून मासिकं चाळत असायची. वर्षभराने गावी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. संयोगिता त्यांचं बघायला म्हणून तात्पुरती गेली. मग सासूचं दुखणं झालं, साक्षी झाली, ऊस झाला. ते तात्पुरतं अजून चालूच होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. नाथाजीने खोली सोडली आणि माळ्यावर पथारी टाकली. तरी त्या बाजूला काम निघालं की तो मुद्दाम त्या घरावरून जायचा.

हे सगळं तो बायकोला सांगू शकला असता. पण फोनवर त्याला 'जेवलीस का' आणि 'लाइट कवा आली' याच्यापुढे जाता यायचं नाही. म्हणून त्याने गवंड्याला फोन लावला.

"आकाराम, माडीवरच्या खोलीत फरशी घालू नको. तिथं सिमेंटचा लाल कोबा कर."

"कोबा? गोठ्यात करत्यात त्यो?"

"त्योच. पर लाल आनि आरशासारखा. हिकडं घराघरात असतोय."

"वैनीस्नी इचारू का?"

"तिला कळू द्यायचं न्हाई. मी आल्यावर दाखवणार. तू केलायस न्हवं कवा असला?"

"दादा, आमी पाण्याच्या टाक्या बांधल्यात," आकाराम म्हणाला.

या उत्तराचा अर्थ 'नाही' असा होतो, हे नाथाजीच्या लक्षात यायला वास्तुशांत उजाडावी लागली.

आकारामने माडीवरची खोली बंद केली, कुलूप लावलं आणि संयोगिताला सांगितलं की फरशी कमी पडली. संयोगिताने सांगलीला फोन केला. दुकानदार म्हणाला, माल पुरेपूर दिलाय, उलट थोडा जास्तच. त्यावर ती एसटीने सांगलीला गेली, त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि भांडली. येताना फरशीच्या आणखी पेट्या, माफी आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली. बिचाऱ्या दुकानदाराला आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या पेट्या बघून आकाराम दोन दिवस कामावरच आला नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी नाथाजी पोचला. आकारामने हळूच कुलूप काढलं. आत खरंच लाल जमीन होती, मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखी. नाथाजीने उंबऱ्याशीच चपला काढल्या.

"वर तेल चोळलंय," आकाराम म्हणाला. "पाय मातर टाकू नगा. जरा वाळू दे."

त्याने रंग सिमेंटमध्ये कालवला नव्हता. साधा कोबा करून वरून पूड भुरभुरली होती आणि हाताने सारखी केली होती. उंबऱ्याबाहेरून हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पंगती उठायला लागल्या. संयोगिताला बाजूला घेऊन माडीवर न्यायचं म्हणून नाथाजी सकाळपासून टपला होता. पण तिला कुणी ना कुणी हाक मारायचं. एकदा ती जिन्यापर्यंत आली आणि आमटीत मीठ घातलंय का, हे बघायला परत गेली. तेवढ्यात नाथाजीची चुलती भामाबाई हात-पाय धुऊन बायकांचा घोळका घेऊन घर बघायला वर निघाली. नाथाजी जिन्यात आडवा आला.

"वरचं काम राहिलंय, काकी."

"मग काम बघतो की. आमी काय पाडाय निघालोय?"

ओल्या पायांचा तो घोळका लाल खोलीत गेला. बायका भिंतीला टेकून जरा बसल्या, गार लागतंय म्हणाल्या आणि खाली उतरल्या. जिन्यावर, हॉलमध्ये, सैपाकघरात, हस्तिदंती फरशीवर लालभडक पावलं उमटत गेली. पैठण्यांना मागून लाल गोल पडले. कुणाच्या तरी नातवाने भिंतीवर पंजाही उठवला.

भामाबाई मागं वळून बघत म्हणाली, "लक्ष्मीची पावलं लय काढल्यात गं. पर ही समदी दाराकडं का चालल्यात?"

संयोगिता हातात वरणाची बादली घेऊन उभी होती. तिने पावलांकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग नवऱ्याकडे. वरण वाढत पुढं गेली. नाथाजीला वाटलं, याच्यापेक्षा बादली डोक्यात घातली असती तर बरं.

पाहुणे पांगल्यावर ती वर गेली. नाथाजी मागोमाग. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"फरशी कमी पडली न्हवती," ती म्हणाली.

"न्हाई."

"मी त्या माणसाला भांडले. बिचारा चहा देत हुता."

"तुला आवडंल वाटलं. आपली त्रिशूरची खोली. अशीच लाल हुती. तशी चमक कुटं बघितली न्हाई मी परत."

संयोगिता खाली बसली. एवीतेवी साडी धुवावीच लागणार होती.

"ती चमक फरशीची न्हवती," ती म्हणाली. "मला तिथली भाषा येत न्हवती. तुमी सकाळी गेला की बोलाय कुणी न्हाई. मग मी पुसत बसायची. खोबरेल लावायची, परत पुसायची. तुमची यायची येळ होस्तोवर. त्या फरशीचा मला लय कटाळा यायचा."

नाथाजी तिच्या शेजारी टेकला. इतकी वर्षं तो ज्या घरावरून मुद्दाम जात होता, त्या घरात नेमकं काय होतं तेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मग तिथलं काहीच बरं न्हवतं?"

तिने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. रेघ सिमेंटसारखी करडी उमटली.

"सांज झाली की तुमी घरी यायचा," ती म्हणाली. "तेवढं बरं हुतं."

बाहेर आकाराम मांडवाचे वासे काढत होता, त्याचा आवाज येत राहिला. नाथाजी म्हणाला, "दुकान चुलतभाऊ चालवतो म्हणतोय. बघू का त्येच्याशी बोलून?"

"बघा," संयोगिता म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आजच बघा."

त्रिशूरला जाऊन, दुकान सोपवून, माळ्यावरची पथारी गुंडाळून नाथाजी कायमचा घरी आला. तोवर आकारामने कोबा फोडून वरच्या खोलीतही हस्तिदंती घातली होती. (पेट्या उरल्या होत्याच.) पहिल्या सकाळी नाथाजी उठला, स्वतःच्या घरात स्वतःच्या पायांनी चांगला फिरला. जिना डावीकडेच वळतो हे त्याला मान्य करावं लागलं.

"आवं, भाईर बसा जरा," संयोगिता फडकं पिळत म्हणाली. "ओल्यात फिरू नगा."

तो पायरीवर जाऊन बसला. आत सगळी फरशी पुसून तीही बाहेर आली आणि शेजारी टेकली. दोघांनाही आत जाता येत नव्हतं आणि दोघांनाही कुठे जायचं नव्हतं. समोर उसाला पाणी चाललं होतं. असं सकाळच्या वेळी, कुठलीही गाडी पकडायची नसताना, ते शेवटचं कधी बसले होते ते नाथाजीला आठवेना.

रस्त्याने भामाबाई चालली होती. ती थांबली. गावात कुणीही गलाईवाला दिसला की विचारतात तेच तिने विचारलं.

"नाथा, कवा आलास रं? परत कवा जाणार?"

या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यावं, ही नाथाजीची अर्ध्या जन्माची इच्छा. त्याने पाठ ताठ केली, घसा खाकरला, सदऱ्याची बाही सारखी केली.

तेवढ्यात संयोगिता म्हणाली, "फरशी वाळली की आत जात्याल."