आजोबा तीनदा गेले

"पहिल्याच उत्तरात सगळं सांगून मोकळी झालीस? मग पुढच्या दोन प्रश्नांना काय लिहिणार, कपाळ?" आत्याने विचारलं.

धाकटी रडकुंडीला आली. भूगर्भशास्त्राच्या प्रवेश-अर्जात प्रश्न तीन होते. हा विषय का निवडला? त्याची गोडी कशी लागली? याच विषयाकडे का वळावंसं वाटतं? तिच्याकडे उत्तर एकच होतं. गल्लीत पाइपासाठी खणलेल्या चरात तिने मातीचे थर पाहिले आणि तेव्हापासून तिला जमिनीखालच्या जगाचं वेड लागलं. प्रवेश हुकला तर बाबा अकाउंट्सला घालणार होते.

आत्या शाळेत मराठी शिकवायची. "एकच गोष्ट दोनदा आली की मी सरळ मार्क कापते. दुसऱ्यात काळजाला हात घालणारं काहीतरी हवं. लिही, आजोबांनी जाता जाता तुझ्या हातात एक दगड ठेवला."

"अगं आत्या, आजोबा आत टीव्ही बघतायत!"

"कॉलेजला दिसतायत का?"

तेवढ्यात बाबा आले. ते विमा कंपनीत दावे तपासायचे. "एकच प्रश्न तीनदा विचारतात तो खोटं पकडायला! पहिल्यात चर, दुसऱ्यात आजोबा? दावा फेटाळलाच म्हणून समज. तिन्हीकडे एकच ठेव."

"मग चर काढ," आत्या म्हणाली. "आजोबा झकास उतरलेत."

बहीणभावांची जुंपली. शेवटी असं ठरलं की चर काढायचा आणि आजोबा तिन्हीकडे जातील, पण शब्द वेगळे. पहिल्या उत्तरात ते काळाच्या पडद्याआड गेले, दुसऱ्यात त्यांची प्राणज्योत मालवली, तिसऱ्यात अनंतात विलीन झाले.

काही दिवसांनी कॉलेजातून फोन आला. तो नेमका आजोबांनीच उचलला.

"हो, मी तिचा आजोबा. बोला की! हॅलो? हॅलो?"

फोन ठेवून ते धाकटीला म्हणाले, "तुला मुलाखतीला बोलावलंय. सर फार प्रेमळ वाटले गं, माझी तब्येत दोनदा विचारली."

मुलाखतीला समोर तेच सर, आणि शेजारी दोन बाई. सरांनी अर्ज उघडला आणि तिन्ही उत्तरांवरून एकेक करून बोट फिरवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. मग तिने सगळं ओकून टाकलं. चराचा विषय निघाला तशी भीती कुठल्या कुठे पळाली. वरची काळी माती, खालचा मुरूम, मधेच सापडलेला शिंपल्यांचा थर, ती हातवारे करून सांगत सुटली.

"मग हे अर्जात का नाही?" सरांनी विचारलं.

"होतं ना सर. पण पहिल्याच उत्तरात संपलं."

सर उसळून दोन्ही बाईंकडे वळले. "तरी मी सांगत होतो, तिन्ही प्रश्न एकच आहेत!"

"मग तुमचा प्रश्न काढा!" पहिल्या बाई.

"माझा का? माझा मुळातला आहे!"

"मुळातला माझा! तुम्ही दोघांनी नंतर घुसवलेत," दुसऱ्या बाई कडाडल्या.

धाकटी तिघांकडे आळीपाळीने बघत बसली. बऱ्याच वेळाने तिने चाचरत विचारलं, "सर, मी बाहेर थांबू का?"

"अगं, तू अजून इथेच?" सरांनी भांडता भांडताच तिच्या अर्जावर सही ठोकली. "जा घरी, झाला तुझा प्रवेश. आमचं कधी मिटेल ते सांगता येत नाही."