शांताराम आणि कापसाचा ढीग

कुत्र्यांबद्दल अख्ख्या दिग्रसमध्ये माझ्याइतकं कोणी वाचलेलं नाही! (हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं. असो, राहू द्या.) चाळीस वर्षं वाचनालयात काढली. तिथंच एका पुस्तकात वाचलं, की शांत कुत्रा जवळ बसला की आजारी माणसाला उभारी येते.

एका साली कापसाचं वाटोळं झालं, सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली आणि तिथला राखणीचा डॉबरमन फाटकाशी उपाशी बसून राहिला. मी त्याला घरी आणलं. नाव ठेवलं शांताराम. तो दारात झोपे, मी चटईवर. छान जमलं आमचं!

शेजारच्या शकुबाईंना मात्र जमेना.

"नानाजी, येडे झाले काय? डाबरमन हाय थो! पाच वर्सानं त्याचा मेंदू डोक्यात मावत नाई, मंग मालकालेच खाते!"

"तसं काही नसतं हो..."

"रविवारपर्यंत सोडून या कुठीबी! नाई तं आमी नगरपालिकेची गाडी बलावतो!"

मेंदू डोक्यात न मावण्याची भीती माझ्याबद्दल कधी कोणी बोलून दाखवली नाही.

मी बेत आखला. मुख्तार पिंजाऱ्याची आई बिस्मिल्लाबी पाय मोडल्यापासून खाटेवर होती. हाड जुळलं, पण हिंमत खचली. ती ना उठे, ना बोले. शांतारामनं तिला बोलतं केलं, की गल्लीचं तोंड बंद!

"घरात नका आनू, दुकानात आना," मुख्तार म्हणाला. "अम्मीची खाट दिवसभर तिथंच असते. पन चावला तं?"

"छे!" मी म्हणालो.

शनिवारी अर्धी गल्ली बघायला जमली. शांताराम आत शिरला आणि बिस्मिल्लाबीकडे ढुंकूनही न पाहता थेट पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर जाऊन बसला! मुख्तारनं कापसाला हात लावला मात्र, गुर्रर्र!

"नानाजी, काहून गुरकावते हा?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. जिनिंगमध्ये त्याचं कामच ते! कापसाला हात लावेल त्याला अडवायचं! हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"ऊठ बाळा," मी विनवलं. त्यानं जांभई दिली. मी बिस्किट दिलं. खाल्लं, आणि आणखी ऐसपैस बसला.

"उद्या लग्नाच्या सहा गाद्या द्यायच्या हायेत!" मुख्तार रडकुंडीला आला.

"मी म्हनतच होती!" शकुबाई कडाडल्या. "बलवा गाडी!"

तेवढ्यात खाट करकरली.

"ए मुए! कपास क्या तेरे बाप की है? उठ!"

बिस्मिल्लाबी उभी! भिंतीला धरत, लंगडत ती थेट ढिगापर्यंत आली. जिनिंगच्या चौकीदाराचा आवाज असाच असावा. शांताराम टुणकन उठला, बुटकी शेपटी हलवत तिच्या पायाशी लोळला.

"अम्मी चलने लगी!" मुख्तार आता खरंच रडत होता.

शकुबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "नानाजी, माहे बी गुडघे लय दुखून राह्यले. उद्या आनता काय त्याले?"

आता शांतारामला गल्लीभर बोलावणी असतात. बिस्मिल्लाबीनं खूश होऊन माझ्या पाठीसाठी खास कापसाची नवी गादी भरून पाठवली. फार मऊ आहे म्हणे!

मी अजून चटईवरच झोपतो. काल धीर करून गादीचा एक कोपरा मागून पाहिला.

गुर्रर्र!