रोज एकच वीट

मोठी कामं तडीस कशी न्यायची, हे मला विचारा. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. नोकरीला पंधरा वर्षं झाली, त्यातली निदान चार स्वतःला सुधारायच्या पुस्तकांत गेली. त्या सगळ्या पुस्तकांचं सार एका ओळीत मावतं: थोडंच करा, पण रोज करा. लेखक ती ओळ तीनशे पानं कशी ताणतात, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

माझं मोठं काम म्हणजे बाबांचा बाक. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी कामं अर्धवट सोडायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आईला शब्द दिला, की सकाळच्या उन्हात बसायला मागच्या अंगणात विटांचा बाक बांधून देतो. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट शेजारच्या कुंपणभिंतीपर्यंत. दोनशे चाळीस विटा आणून कुंपणालगत रचल्या, वर प्लास्टिक टाकलं, जमिनीवर पांढऱ्या रंगाने सुबक चौकट आखली. आणि मग ते गेले.

चार महिने आईने त्या बाजूची खिडकी उघडली नाही. मीही कारण विचारलं नाही. एक दिवस हिशेब केला: रोज एक वीट लावली, तर दोनशे चाळीस दिवसांत बाक पुरा होतो. म्हणजे बाबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत आईला दिलेला शब्द पाळला जातो. दोनशे चाळीस विटांकडे बघवत नव्हतं. एका विटेकडे बघता येतं.

सकाळी साडेसहाला वाडगाभर सिमेंट कालवायचं, चौकटीच्या मध्यावर एक वीट बसवायची, डायरीत रेघ मारायची, आंघोळ करून ऑफिस. पहिल्या आठवड्यात माझा बाक पडलेल्या दातासारखा दिसत होता. पण तिसऱ्या आठवड्यात मी थक्क झाले. डायरीत एकवीस रेघा, आणि बाक मात्र चांगला बाळसं धरलेला!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हाच विटा मोजायच्या. पण पुस्तकांत साफ लिहिलेलं असतं, की सुरुवातीला काही दिसत नाही आणि मग अचानक गुणाकार सुरू होतो. इतरांचे काने-मात्रे धरणारी मी, हे वाक्य मात्र जसंच्या तसं गिळून बसले होते.

ऑफिसात मी गुणाकाराचं इतकं वर्णन केलं, की साथ पसरली. संपादकसाहेब रोज शब्दकोशाचं एक पान पाठ करू लागले आणि भेटेल त्याला ऐकवू लागले. पानांची मांडणी करणारी मुलगी अकराच्या ठोक्याला एक मिनिट बासरी वाजवू लागली. अकराव्या दिवशी, गुणाकार होईपर्यंत गच्चीवर वाजव, असं आम्ही तिला प्रेमाने सुचवलं.

एक्याऐंशीव्या सकाळी मी प्लास्टिक उचललं तर खाली एक मुंगळा आणि बाबांची पेन्सिल. वीट एकही नाही. डायरीत रेघा ऐंशी. मी तशीच सिमेंटचा वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं, की विटा चोरीला गेल्यात, एकशे साठ.

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "चोरी कशाला म्हणतेस? घरातच आहेत."

"कुठे?"

"बाकात." तिने सुरी खाली ठेवली. "मी एकच लावायचे गं. तू ऑफिसला गेलीस की, दुपारची."

वाढायचा मोठा चमचा दोन महिने राखाडी का दिसत होता, ते तेव्हा समजलं. पण तिच्या ऐंशी धरल्या तरी आणखी ऐंशी उरतातच. त्या मीच लावल्या, अशी तिची खात्री होती. पुस्तकांच्या नादाने मी रोज दोन-दोन लावत असणार, लहानपणापासून मला घाईच फार, असं ती ऐकवत असतानाच कुंपणावर एक टक्कल उगवलं. शेजारचे पूलवाले काका. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले.

"माझीही रोज एकच, वहिनी," ते म्हणाले. "संध्याकाळी, स्टुलावर उभं राहून."

बाबांशी त्यांची बाकाच्या उंचीवरून जुंपली होती. बाबा म्हणत दीड फूट पुरे. काका म्हणत, एवढ्या खाली बसलेला माणूस आमच्या वयात परत उठत नाही.

"भांडण अर्धंच राहिलं होतं," काका म्हणाले. आणि कुंपणाआड नाहीसे झाले.

मी आईला विचारलं, की मला का नाही सांगितलंस.

"प्रत्येक वीट ह्यांनी हाताने उचलून रचली होती," ती म्हणाली. "सगळ्या तूच लावल्या असत्यास, तर मला काय राहिलं असतं?"

मी वाडगा खाली ठेवला. मग आम्ही दोघींनी बाहेर येऊन तो बाक पहिल्यांदाच एकत्र नीट पाहिला. दाराकडचं टोक आईने स्वतःचे पाय जमिनीला टेकतील इतकं बुटकं केलं होतं, आणि चहाचा ट्रे मावावा म्हणून चांगलं ऐसपैस. मधला भाग माझा, बाबांच्या मापाने, दीड फूट. कुंपणाकडचं टोक काकांच्या गुडघ्यांच्या सोयीने अरुंद आणि उंचच उंच. थोडक्यात, बाबांनी बाक आखला होता आणि आम्ही जिना बांधला होता.

त्याची चाचणीही लगेच झाली. काका स्टुलावरून कुंपणावर चढले आणि फाटकाला वळसा न घालता पायरी-पायरीने सरळ आमच्या अंगणात उतरले. म्हणाले, भार पेलतो. आईने चहा टाकला. आम्ही तिघं तीन उंचींवर बसलो. बशी वरपर्यंत पोचवताना मला उभं राहावं लागत होतं. बाबा असते तर त्यांनी फूटपट्टी आणली असती. आईने उन्हात पाय पसरले आणि म्हणाली, "दिलेला शब्द पाळला हो ह्यांनी. वाकडा का होईना."

आता राहता राहिलं ऑफिस. बाक पुरा झाल्याचं कळताच संपादकसाहेबांनी माझ्याकडून या अनुभवावर छोटं पुस्तकच लिहून घेतलं. त्याचं शेवटचं मुद्रित परवा माझ्याच टेबलावर आलं. बाराव्या पानावर साहेबांनी ठळक अक्षरांत घातलंय: 'रोज एकच वीट, ऐंशी दिवसांत बाक पूर्ण!'

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, चूक दिसत असूनही मी ती तशीच सोडली. फक्त उद्गारचिन्ह काढलं.