वामनकाकांचा शहाणा पंखा

वामनकाका कुणाला "कसे आहात?" असं कधी विचारत नसत. ते विचारायचे, "तुमच्याकडे किती चालू आहे?"

बनारसमधल्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत नवा आलेला माणूस यानं बुचकळ्यात पडायचा. लग्न होऊन मी सांगलीहून आले, तेव्हा मीही पडले होते. काकांना हवं असे खोलीचं तापमान! आपण "फार उकडतंय हो" म्हणावं, की शर्टाच्या ज्या खिशात बनारसी माणूस पानाची डबी ठेवतो, त्या खिशातून ते थर्मामीटर काढत. "उकडतंय ही शिकायत झाली, सूनबाई. आकडा सांगा, आकडा!"

ते विद्यापीठात फिजिक्सच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि आमच्या समोरच्या घरात एकटेच राहत. लग्न का नाही केलं विचारलं, तर म्हणत, "मुहूर्त काढणारे सगळे घरचेच. भरवसा नाही बसला."

नव्वदच्या दशकातल्या त्या एका वर्षी मात्र आमच्या घरी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझे सासरे, आबा, पाठशाळेत वेद शिकवायचे. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा थोडाफार उचलायचा. आमचे हे रेल्वेत, चार-चार दिवस बाहेर. मी बँकेत, दहा ते पाच. शेजारच्या मिसराइन दुपारी येऊन पेज भरवून जायच्या. बाकी सारा वेळ आबा आणि डोक्यावरचा पंखा.

त्या पंख्यानंच छळ मांडला होता. जोरात ठेवून जावं, तर नेमके ढग येऊन हवा गार व्हायची आणि संध्याकाळी आबांची छाती घरघरत असायची. हळू ठेवावा, तर पाठ घामानं भिजून लाल! सांगायला तोंड नाही आणि रेग्युलेटर पार समोरच्या भिंतीवर. आणखी एकदा छाती भरली तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बँकेच्या खिडकीतून ढग दिसला, की हातातल्या नोटांची माझी मोजणी चुकायची.

एकदा हे सगळं काकांपुढे बोलून गेले आणि चक्क रडले. काका गडबडले. इकडे-तिकडे बघून म्हणाले, "गुरुजींच्या खोलीत दुपारी किती असतं?"

मला अस्सा राग आला! "मला काय ठाऊक? मी घरी असते का?"

"तेच तर," काका म्हणाले, "घरी नसलात तरी कुणाला तरी ठाऊक असलं पाहिजे."

महिनाभरानं ते मिठाईचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत तारांचं जंजाळ आणि मधोमध गोमेसारखे पाय असलेला एक काळा तुकडा. "हा मायक्रोकंट्रोलर. खोलीत किती आहे ते हा वाचणार आणि त्या हिशेबानं पंखा स्वतः कमी-जास्त करणार. आपण हात नाही लावायचा."

"इतका शहाणा?"

"तुमच्या मॅनेजरपेक्षा नक्कीच."

तापमान ओळखणारा मणी तारेच्या टोकाला होता. तो कुणी हात लावणार नाही अशा जागी बसवायचा होता, म्हणून काकांनी आबांच्याच खोलीतला देवाचा कोनाडा निवडला. संध्याकाळी मी दिवा लावला. मण्याला ऊब लागली, पंखा सुसाट सुटला आणि दिवा विझला. दिवा विझल्यावर पंखा गरीब गाय. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी ओरडले, "काका, तुमचा शहाणा देवाच्या मुळावर उठलाय!"

तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. छाती भरली म्हणून मी धावले, तर आबा हसत होते! अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा. दिवा तसाच टाकून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मणी उशाशी हलवला, पण काकांचं समाधान होईना. "गलती माझी. त्याला धीर नाही शिकवला. जरा थांबून बघावं, मग वेग बदलावा." मात्र नवं लिहायला त्या काळ्या चिपमधलं जुनं पुसावं लागतं. त्याचं यंत्र काकांकडे नव्हतं. उन्हात ठेवली तरी पुसली जाते, फक्त आठवडा लागतो, म्हणे. मग काय, छतावर माझ्या पापडांशेजारी ती चिप आणि तिच्याशेजारी माकडांना हाकलायला काठी घेऊन काका! मिसराइननी विचारलं, "क्या सुखा रहे हैं?" काका म्हणाले, "सुखा नहीं रहे, भुला रहे हैं." काका कामातून गेले, असं गल्लीनं त्या दिवशी ठरवूनच टाकलं.

पण नंतर तो पंखा जो शहाणा झाला! ढग आले की मंदावायचा, ऊन तापलं की वाढायचा. आबांची छाती पुन्हा भरली नाही. कामाला निघताना मी रोज नमस्कार करायचे. खोटं कशाला सांगू, आधी डब्याला, मग देवाला.

जूनमधल्या एका दुपारी बँकेत कुणीतरी सहज म्हणालं, की आमच्या मोहल्ल्यात अकरापासून लाइट नाही, ट्रान्सफॉर्मर जळालाय. लाइट नाही म्हणजे पंखा नाही, आणि बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, चाललेली. अर्धी रजा टाकली, रिक्षा जाईल तिथपर्यंत रिक्षानं आणि पुढं गल्ल्यांतून धावत घरी आले. तीन वाजले होते.

दार नुसतं लोटलेलं. आत आबांच्या खाटेशी स्टुलावर काका बसलेले, घामानं निथळत. उजव्या हातात ताडाचा पंखा, डावा हात आबांच्या कपाळावर. कपाळ तापलं की भरभर, निवलं की सावकाश.

"काका, केव्हापासून?"

"लाइट गेल्यापासून. मिसराइननी लॅबमध्ये निरोप धाडला." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आईच्या वेळी मी लॅबमध्ये होतो. कुणी सांगितलंच नाही. आलो तेव्हा..." आणि पंखा जोरात हलवू लागले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाचे उपकार कुठल्या जन्मी फेडायचे?

तेवढ्यात आबांचा डावा हात उठला. त्यानं पंख्याची दांडी धरली आणि ओढली. "गार लागतंय का, गुरुजी?" म्हणत काकांनी ती सोडली. आबांनी पंखा आपल्याकडे नेला नाही. थरथरत्या हातानं तो काकांच्या तोंडासमोर धरला आणि हलवला. एकदा, दोनदा. वारा कसला, कागदसुद्धा उडाला नसता.

"गुरुजी, नको..." काका म्हणाले. आबांनी ऐकलं नाही. मग काका डोळे मिटून पुढे वाकले, तो वारा तोंडावर घेता यावा म्हणून.

आत जाऊन पंखा आपल्या हातात घ्यावा, असं मला वाटलं नाही. मी दारातच उभी राहिले.