आधी रिकामं, मग बंद

आमच्या देवळात भजन संपलं की दिवे मालवायचा मान दिगू परबाला कोणी देत नाही. दिला तर आपल्याला घरी जायला उशीर होतो. बटणाला हात लावण्याआधी दिगू सगळा सभामंडप फिरतो, खांबामागे डोकावतो, ढोलकी ठेवतात त्या खोलीत मान घालतो, पालखीखालीही वाकून बघतो. पालखीखाली कोण बसणार आहे? पण नाही. शेजारच्या वाडीतलं लग्न असो की ग्रामपंचायतीची सभा, शेवटचा माणूस बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय दिगू कुणाला दार ओढू देत नाही.

"आधी रिकामां, मगे बंद," हे त्याचं ब्रह्मवाक्य.

दिगू माझा शेजारी. चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, घरात म्हातारी आई शेवंतीकाकी आणि तो. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो इथे माजघरात बसून करतो. काय काम करतो हे गावाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी एसटीत कंट्रोलर होतो, आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्यामुळे चौकशा करायची खोड जाता जात नाही. एकदा सरळ जाऊन विचारलं.

"अण्णानु, अमेरिकेतल्या दवाखान्यांचां काम चलता ते कॉम्प्युटर मी दुरुस्तेक लावतंय."

"अमेरिकेतले? हयसून?"

"ते खंय आसत ता माकाय ठावक नाय. लोक तेका क्लाऊड म्हणतत. खंयच्या तरी मोठ्या गोदामात, भाड्यान घेतलले."

हात लावायचा नाही, बघायचंही नाही, आणि दुरुस्ती करायची! मला मोठं कुतूहल वाटलं. दिगूने मग पडद्यावर ओळी दाखवल्या. कुठल्या मशीनला कुठल्या वारी, किती वाजता थांबवायचं, हे त्याने लिहून ठेवायचं. वेळ झाली की त्या ओळी आपल्या आपण कामाला लागतात. तिकडे मध्यरात्र, दवाखान्यात गर्दी कमी, तेव्हा इथे आमची आंबोळी-चटणीची वेळ. मशीनवर नवीन माणूस घ्यायचा नाही, आत आहेत त्यांचं काम हळूच दुसऱ्या मशीनवर न्यायचं, पूर्ण रिकामं झालं की दुरुस्ती, आणि मग सगळ्यांना परत आणायचं.

"म्हणजे गाडी डेपोत घेताना प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवायचं!" मी म्हणालो.

दिगूने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही आमच्या लायनीत व्हये होतास!"

"पण एखादा उतरलाच नाही तर?"

"वाट बघूची."

"छे! आम्ही घंटी मारायचो."

दिगूचा चेहरा उतरला. मी कुणाला मारल्याचं सांगितलं असतं तरी इतका उतरला नसता.

तेव्हापासून त्याने मला आपल्यातला धरलं आणि हे वेळापत्रक आमच्या घरात शिरलं. मंगळवारी त्याच्या फ्रिजला सुट्टी. सुट्टी म्हणजे आतला सगळा माल आमच्या फ्रिजमध्ये स्थलांतरित व्हायचा, फ्रिज पुसून, वारा खाऊन ताजातवाना झाला की माल परत. एका मंगळवारी या स्थलांतरात बांगड्याच्या तिखल्यातला एक बांगडा कमी भरला. दिगूने वाटी उजेडात धरून बराच वेळ तपास केला. आमच्या मंडळींनी माझ्याकडे बघितलं. मी पेपरात डोकं घातलं.

एवढा गुणी माणूस, पण कंपनीतला त्याचा साहेब त्याच्यावर वैतागलेला. रिकामं होईपर्यंत थांबायचं म्हणून दिगू ठरलेली वेळ चुकवायचा, काम पुढच्या आठवड्यावर जायचं. शेवटी साहेबाने निर्वाणीचं सांगितलं, आता एकदा जरी वेळ चुकली तर पुण्यात येऊन ऑफिसात बसायचं. दिगूला घाम फुटला. कारण काकीने गावाबाहेर राहायला ठाम नकार दिलेला. "माझी चूल हय, मी हयच मरतलंय," हे तिचं उत्तर. तिला एकटी टाकून तो जाणार कसा?

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची गावपळण आली. आमच्या गावात काही वर्षांनी देवाला कौल लावतात आणि देवाने होय म्हटलं की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. परत यायचं तेही देवाने कौल दिल्यावरच. बाकी सगळे सामान बांधत होते तेव्हा दिगू घराघरांत डोकावत फिरत होता. या कामात मात्र त्याला कुणी हसलं नाही.

वेशीबाहेरच्या काजूच्या बागेत आम्ही खोपी घातल्या. आमची आणि दिगूची लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मशीनची पाळी होती. काजूच्या एकाच झाडाखाली रेंज यायची, तिथे दिगू पाट टाकून, लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला. मी चहा घेऊन शेजारी. मशीनवर काम करणाऱ्यांची नावं पडद्यावरून एकेक करून जात होती. शेवटी एकच राहिलं. बाईचं नाव.

ती काही हलेना. कसलासा फॉर्म भरत होती, थांबत होती, पुन्हा भरत होती, आणि तो पुरा झाल्याशिवाय तिला दुसऱ्या मशीनवर नेता येत नव्हतं. साहेबाचा फोन वाजला.

"दिगंबर, एकच तर सेशन आहे. काढून टाक तिला."

"सर, बाई अजून आत आहेत. अर्धं राहील त्यांचं."

"कोण बाई?"

"ओळखत नाही, सर."

"वेळ संपतेय! एक बटण दाबायचंय. पुण्याचं लक्षात आहे ना?"

"आहे, सर," दिगू म्हणाला. त्याचे हात मांडीवरच राहिले.

मला राहवेना. काकी खोपीच्या दारात तांदूळ निवडत होती, तिच्याकडे गेलो. "काकी, सांग गो तेका. नोकरी घालवतलो हो."

काकीने सूप खाली ठेवलं. "तो नाय दाबूचो, अण्णा. चार-पाच वर्सांचो होतो तेवाची गावपळण. हो मांगरात गवतार निजललो. माका वाटला बापाशीच्या गाडयेत आसा, बापाशीक वाटला माझ्या गाडयेत आसा. हय येवन बघतंव तर झिल खंयच नाय."

"मग?"

"मानकरी म्हणाले, देवान गाव सोडूक सांगितल्यान हा, सकाळी कौल घेवया, मगे जा. बापूस वेशीर उभो रवलो. मी कोणाक इचारूक नाय. गेलंय. पाणंदीतसूनच माका आवाज इलो. रडत नाय होतो. एकेका घराच्या दारात जावन हाक मारीत होतो. कोण आसात काय? कोण आसात काय?"

काकीने सूप उचललं. "मगे कितीतरी वर्सां आंब्याक मोहर नाय इलो तरी लोक माझ्याच नावान बोटां मोडीत. मोडूंदेत."

दिगूने तिकडून हाक मारली. मी धावत गेलो. पडदा रिकामा होता.

"गेली बाय घराक," तो म्हणाला. किती समाधान होतं त्या आवाजात! पण वेळ केव्हाच संपून गेली होती. त्याने स्वतःच साहेबाला फोन लावला, काम झालं नाही म्हणून सांगितलं, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं आणि खोपीशी येऊन आईसमोर उकिडवा बसला.

"आये, माका पुण्याक बोलवल्यानी."

काकी खडे वेचत राहिली. मला वाटलं, आता चुलीची गोष्ट निघणार.

"जावया," ती म्हणाली. "पण ह्या खेपेक दोघाय एकाच गाडयेत बसया."