सोपेपणाचे एकक: एक बाबा

वेबसाइटवर मजकूर घालायचे साधन निवडणे हे जबाबदारीचे काम आहे. म्हणून ज्याला ते वापरायचे आहे, त्याला त्यापासून दूर ठेवावे. आमच्या घराने हे तत्त्व कसोशीने पाळले. छत्र्या दुरुस्त करायचे दुकान बाबांचे, वेबसाइट बाबांची, रोजचा मजकूरही बाबाच बदलणार. तेव्हा निवड समितीत दादा, भाऊजी, काका आणि मी होतो. (बाबांकडे चहा होता.)

शेवटची बैठक दुकानात झाली. बाबांचा तो शेवटचा दिवस आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने ती नेहमीइतकीच लांबली.

सोपेपणा मोजायला एकक लागते. आमचे एकक ‘बाबा’ होते. पहिल्या साधनात प्रत्येक फोटोसाठी पुन्हा पासवर्ड द्यावा लागे; ते तीन बाबा अवघड ठरले. दुसरे दीड बाबा. तिसरे भाऊजींच्या मते जेमतेम अर्धा बाबा. पण त्याचा मेनू डावीकडून सरकत येई, आणि असे काही सरकत आले की काका दचकत.

“बाबांना जमेल का?” दादा दर वेळी विचारी. बाबा समोरच छत्रीची काडी सरळ करत बसलेले.

“छे, नाही जमायचं,” मी दर वेळी सांगे.

“अगं, मला दाखवा तरी!”

“तू कशाला डोकं शिणवतोस?” काका म्हणाले. “चहा बघ, उतू जातोय.”

चहा खरोखरच उतू गेला. समिती एकमताने आत धावली. परतलो, तर तिसऱ्या साधनातून वेबसाइटवर मजकूर झळकत होता: ‘दुकान उघडे आहे. टेबलावरची घंटा वाजवू नये, मी समोरच बसलेलो असतो.’

“चुकून दाबलं गेलं असणार,” भाऊजी म्हणाले. तशी नोंद झाली.

“चुकून कसं?” बाबा म्हणाले, आणि कप विसळायला गेले.

पहाटे ते झोपेतच गेले.

एककच न उरल्याने मोजमाप थांबले. भाऊजींनी आईचे नाव सुचवले. “मला मोजपट्टी व्हायचं नाही,” आई म्हणाली. तो मजकूर काढायला समिती पुन्हा बसली, पण बटण कोणालाच सापडेना. ते साधन आता चार सदस्य अवघड समजले जाते.

(इथवर वाचताना तुमच्याही मनात कोणीतरी आले असेल. त्यांना सांगू नका. ते बहुधा तुमच्यासाठी चहा करत आहेत.)

काल एक बाई मोडकी छत्री घेऊन आल्या. घंटा न वाजवता रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

“वेबसाइटवर उघडं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “कोणी लिहिलं हो ते?”

मी खुर्चीकडे पाहिले.

“बाबांनी,” मी मोठ्याने म्हणाले. “जमलं होतं त्यांना.”