पुंडलिकाचा पुकारा

कोर्टातल्या बाकात ढेकूण नसते, तर आमचा दावा बुडाला नसता. (असं मी अजूनही म्हणतो. आमच्या हिचं मत वेगळं आहे.)

दावा होता भाटे गावातल्या नारळीच्या वाडीचा. माझी दूरची चुलत काकू दमयंती हिला मूलबाळ नव्हतं. भिकाजीकाका वारल्यावर तिने मला दत्तक घेतलं. मी तेव्हा चांगला मिशीवाला, बायकोवाला, लोकल बोर्डातला कारकून. पण दत्तक म्हटल्यावर काकूच्या मांडीवर बसलोच! भटजींनी नवं नाव ठेवलं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव मला पूर्वीसारखंच 'दादू' म्हणू लागलं. पुढे काकू गेली, आणि काकांचे चुलतभाऊ सखारामपंत वाडीत ठाण मांडून बसले. "कसलं दत्तक नि कसलं काय! हा आपला दादू तो दादूच," असं चारचौघांत म्हणू लागले. आम्ही रत्नागिरीत दोन अंधाऱ्या खोल्यांत राहणारे, आणि हिचा सगळा जीव वाडीतल्या काकूच्या घरात. म्हणून दावा लावला.

तारखेच्या दिवशी आमचे गद्रेवकील दुसऱ्या कोर्टात गुंतले होते. "पुकारा झाला की धावत मला बोलवायला या," एवढं सांगून ते गेले. मी बाकावर बसलो. ढेकूण कडकडून चावले. तेव्हा मी बाहेर आंब्याखाली बसायचं ठरवलं. तिथे वाराही छान होता.

इतक्यात पट्टेवाला रामा व्हरांड्यात येऊन ओरडला, "पुंडलिक वलद भिकाजी, हाजीर है?"

कोणी उठेना.

"काय एकेक माणसं असतात!" मी शेजारच्या पक्षकाराला म्हटलं. "तारीख ह्यांची, आणि घसा बसायचा दुसऱ्याचा!"

रामाने दुसरी हाक मारली आणि बिचारा खोकायला लागला. मला दया आली. (परोपकार मला नेहमीच महागात पडतो.) तिसरी हाक मीच फाटकापर्यंत जाऊन मारली, "अहो पुंडलिऽऽक!" रस्त्याने जाणाऱ्या कोळणीने वळून पाहिलं, पण पुंडलिक काही आला नाही.

बऱ्याच वेळाने आत चौकशी केली, तर कारकून म्हणाला, "भाट्याचा दावा ना? वादी गैरहजर. काढून टाकला."

घरी आल्यावर हिने विचारलं, "तुम्ही होतात कुठे?"

"तिथेच."

"मग हाक ऐकू आली नाही?"

"आली की. तिसरी तर मीच मारली."

ही चुलीकडे तोंड करून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दावा पुन्हा सुरू करायचा तर गैरहजेरीचं सबळ कारण हवं. "खरं तेच सांगू," मी गद्रेवकिलांना म्हटलं. "माझं नाव मला ओळखू आलं नाही."

ते ताडकन उठले. "अहो, तुम्ही पुंडलिक नव्हेच, हेच तर सखारामपंत म्हणतायत! आपल्याच तोंडाने कबूल करताय? पोटशूळ उठला होता म्हणा."

म्हटलं. झालं काय, समोरच्या वकिलांनी रामालाच साक्षीला उभं केलं.

"प्वाट कसला दुखतो!" रामा म्हणाला. "माज्या बरोबरीनं हाका मारीत व्हते की!"

कोर्टात हशा पिकला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही स्वतःलाच हाका मारत होतात?"

माझं डोकं पार गरगरलं. "हो... म्हणजे, मी नव्हतो मारत. मी ज्याला मारत होतो तो मी आहे हे मला..."

"पाहा साहेब!" समोरचे वकील गरजले. "दत्तक गेलेल्याला स्वतःचं नाव माहीत नाही!"

वाडी गेली, असं मी मनात म्हणतो आहे तोच मागून बांगड्या वाजल्या. हट्टाने बरोबर आलेली आमची ही उभी राहिली होती.

"साहेब, ह्यांना ते नाव कळणार कुठून? नाव ठेवलं आमच्या आजेसासऱ्यांचं. सासूबाई आपल्या सासऱ्यांचं नाव तोंडात कसं घेणार? मी नवऱ्याचं कसं घेणार? घरात बायका दोघी, आणि नाव घ्यायची दोघींनाही चोरी. दत्तक खोटं असतं, तर सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव कशाला ठेवलं असतं?"

समोरचे वकील खाली बसले. जज्जसाहेब म्हणाले, "पण ते नाव एकदा आम्हाला ऐकू द्या."

ही लाजली, पदर सारखा केला, आणि म्हणाली,

"भाट्याच्या वाडीत माडाला माड भिडे,
पुंडलिकरावांना हाक मारा, पाहतात भलतीकडे."

जज्जसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि दावा पुन्हा सुरू केला.

पुढच्याही तारखेला ही बरोबर आली. वाटेत मी नाव घोकून घोकून पाठ केलं. आंब्याखाली कान टवकारून बसलो. रामा व्हरांड्यात आला, आमच्याकडे पाहून हसला आणि हाक न मारता सरळ हिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"वयनी, पुंडलिकरावांना आत घिवन या."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हिला हळूच विचारलं, "कोण गं हे पुंडलिकराव? तुझ्या ओळखीचे आहेत का?"